रक्त तुझ्याकडे आहे

केशोरी,
२ मार्च

लीला,

जयभीम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं म्हटलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की चार ओळी तरी वाचशील. तुला मी लहानपणापासून ओळखते.

माफी मागायला लिहीत नाही. संघदीपच्या हळदीला तू त्याच्या गळ्यात पडलीस, "माह्या पोटचा हाय, माह्या" म्हणून मांडवभर रडलीस, तुझे दादा तुझ्यावर ओरडले आणि तू नि भैयालाल जावई न जेवता मुर्रीला निघून गेलात. मला तेव्हा तुझा राग आला होता. अजूनही आहे. त्याचं पुढे केव्हातरी बघू.

बातमी तुझ्यापर्यंत आलीच असेल. जानेवारीत रायपूरजवळ रंगाच्या एका गोदामाला आग लागली. संघदीप तिथेच कामाला होता. नऊ माणसं सापडली, पण तोंड बघून ओळखावं असं एकही नव्हतं. याहून जास्त मी सांगणार नाही, तूही विचारू नकोस. त्या दिवसापासून त्याचा फोन बंद आहे.

आम्हाला रायपूरला बोलावलं. मी, तुझे दादा, सून खुशबू आणि सोबतीला आपले पोलीस पाटील भैयाजी. तिथल्या सरकारी दवाखान्यात रीता मॅडम म्हणून आहेत, हे काम त्याच बघतात. त्यांनी बसवून समजावलं. चेहरा गेला, कपडे गेले, तरी हाडात नि दातात माणसाची खूण राहते. अर्धी खूण आईकडची, अर्धी बापाकडची. म्हणून आईबापाचं रक्त घेऊन लावून बघतात. त्याचा कंगवा, ब्रश काही आहे का, तेही विचारलं. ते सगळं गोदामामागच्या खोलीत होतं, खोलीही गेली. घरी होतं नव्हतं ते खुशबूने धुऊन घडी घालून ठेवलेलं. मग त्या म्हणाल्या, "माँ-बाप कौन हैं?" भैयाजींनी आमच्याकडे हात केला. "हेच मायबाप जी." आणि आम्ही दोघांनी बोटं पुढे केली.

शपथेवर सांगते लीला, खोटं बोललो नाही. त्या घडीला माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

तुला ते सूप आठवत असेल. माझी चार लेकरं जन्मताच गेली होती आणि तुझं तिसरं सव्वा महिन्याचं होतं. सासूबाईंनी दीक्षा घेतली, घरातले देव तलावात सोडले, पण सूप काही सोडलं नाही. लेकरू सुपात ठेवलं, माझ्या हातून पायलीभर धान तुझ्या पदरात घातलं नि म्हणाल्या, "लेकरू इकत घेतलं. आता थे वच्छलाचं. देल्लं-घेतलं असं जो तोंडातून काढन, थो लेकराचं आयुष्य काढन." अख्खी आळी उभी होती. भैयाजीही होते, जेवूनच गेले होते. त्या दिवसापासून आळीत कोणी तो शब्द काढला नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि आपल्या आळीतली भांडणं तुला माहीतच आहेत. मांडवात तू काढलास, तोही सगळ्यांनी आत्याची माया म्हणून ऐकला. शब्द न काढता काढता तो आमच्यातून गेलाच. रायपूरच्या त्या खोलीत संघदीपचे मायबाप कोण हे तिघांना ठाऊक होतं आणि तिघांनाही आम्हीच वाटलो. खुशबू तर बिचारी नवी, तिला कोण सांगणार?

परवा ठाण्यातून भैयाजींना फोन आला. नऊपैकी एकाशीही आमचं रक्त जुळत नाही. सात जणांची घरची माणसं सापडली, दोन राहिलेत, पण ते आमचे नाहीत.

काय झालं असेल घरात, तूच बघ डोळ्यांपुढे. तुझे दादा अनवाणी विहारात पळत गेले, मेणबत्त्या लावून आले. खुशबूने काढून ठेवलेल्या बांगड्या भरल्या. कोणी म्हणालं, "पोलिसाले भिऊन पराला असन." कोणी म्हणालं, "डोक्याले मार लागला असन, याद गेली असन, येते पाह्य आपसूक." पेढे आले. माझ्याही हातावर एक ठेवला आणि मी तो खाल्ला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो पेढ्यानेही बसतो हे मला त्या दिवशी कळलं.

कारण पेढा तोंडात असतानाच मला सूप आठवलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल? आमच्या रक्तात तो नव्हताच कधी. ते नऊच्या नऊ संघदीप असते, तरी आमच्याशी जुळले नसते.

मी रीता मॅडमना गुपचूप फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अम्मा, पहले बताना था ना." मामाचं, म्हणजे तुझ्या दादांचं, रक्त थोडंफार जुळतं, पण तेवढ्यावर माणूस कोणाला देता येत नाही. सख्खी आई हवी, नाहीतर सख्खा बाप. तुला रायपूरला जावंही लागणार नाही. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात पोलिसांसमोर बोटातून रक्त घेतील आणि पाठवून देतील. मुर्रीहून ऑटोने दहा रुपयांचा रस्ता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते थांबतील. मग बेवारस म्हणून तिथेच, परक्या गावात, नंबर लावून माती देतील.

एक थेंब. जा आणि देऊन ये. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझी वहिनी,
वच्छला


केशोरी,
१२ मार्च

लीला,

पत्राला उत्तर नाही, म्हणून काल मीच आले. अर्जुनीहून गाडीने गोंदिया, तिथून मुर्री. भैयालाल जावई फाटकातच आडवे उभे राहिले. "वैनी, थे घरी नाही." तुझ्या चपला पायरीवर होत्या, लीला. उजवीचा अंगठा तुटलेला, सुताने बांधलेला. तू चपला टाकून कुठे जाणार? मी म्हटलं, "जावई, मी पाणी पिऊन जातो, एवढं तरी द्या." त्यांनी तांब्या आणून फाटकावरून दिला. तुमच्या आंब्याला बार चांगला आलाय.

मी तिथेच उभ्याने सगळं सांगितलं, तुला आत ऐकू जावं म्हणून मोठ्यानेच. आवाज माझा अंगणवाडीत पोरांना ओरडून ओरडून कमावलेला आहे, भिंतीपलीकडे जातो. जावयांना म्हटलं, "तुमी तरी द्या, तुमी बाप हा." तर म्हणाले, "थे हो म्हनन तवाच देईन मी. थे म्हंते, जुळलं नाही म्हंजे थो जिता हाय. माह्या रक्तानं त्याले मारू नोका."

परतीच्या गाडीत मी त्या वाक्याशी भांडत बसले. शेजारची बाई सरकून बसली, कारण माझे ओठ हलत होते.

ऐक. तुझ्या रक्ताने तो मरत नाही. जो जिवंत आहे, तो तू दिलंस तरी जिवंतच राहील. जुळलं नाही तर मी स्वतः तुझ्या दारात येऊन तुझ्या पाया पडेन, तुझ्यापेक्षा मोठी असूनही पडेन, आणि आपण दोघी मिळून त्याला शोधू. पण तुला आतून ठाऊक आहे, म्हणून तू बोट देत नाहीस. आशा असती तर तू धावत गेली असतीस.

इकडे काय चाललंय ते तुझ्या कानावर घालते. तुझे दादा घरी नाहीत. संघदीपचा लग्नातला फोटो मोठा करून घेतला आणि रायपूरला गेले. मजूर जिथे सकाळी उभे राहतात त्या नाक्यांवर फोटो दाखवत फिरतात. दवाखाने, धर्मशाळा, स्टेशन. साखरेचा आजार आहे, गोळ्या नेल्या त्या संपल्या असतील. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी आलंय, उन्हाळी धानाला खत टाकायचं राहिलंय, शेजारचा पतिराम बघतोय म्हणून बांधी हिरवी आहे. फोन केला की म्हणतात, "एक जन म्हंते का पाह्यल्यासारका वाटते." त्यांना असा एक जण रोज भेटतो.

आणि खुशबू. बावीस वर्षांची पोर. रोज दुपारी जेवण झालं की त्याच्या बंद फोनला फोन लावते. ती बाई सांगते की नंबर बंद आहे, तरी ही शेवटपर्यंत ऐकून घेते. तिचा बाप आपल्या गोंदियाकडच्या गोरेगावहून न्यायला आला होता, ही गेली नाही. "थे आले अन् मी घरी नसली तं?" म्हणाली. तू तिला वाट बघायला बसवलंयस, लीला. मी पण बसवलंय. रोज तिच्यासमोर भाकर थापते आणि तोंड उघडत नाही.

सासूबाईंची शपथ मलाही भिववते. बोललं की आयुष्य जातं, म्हणाल्या होत्या. पण आता काय राहिलंय जायचं?

वच्छला


केशोरी,
२१ मार्च

लीला,

तुझे दादा आले. भैयाजी आणि पतिराम जाऊन घेऊन आले, नाहीतर येत नव्हते. पायाला जखम झाली आहे. फोटो कोपऱ्यात भिजलाय, संघदीपच्या फेट्याचा रंग त्याच्या कपाळावर उतरलाय.

मी ठरवलंच होतं. खुशबू विहिरीवर गेली तशी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि बोलले. म्हटलं, "तुमचं रक्त जुळणार नव्हतं. थो लीलाचा हाय." सत्तावीस वर्षांनी माझ्या तोंडून तो शब्द निघाला. मला वाटलं ते ताट फेकतील. मारायला उठतील, असंही वाटलं.

ते जेवत राहिले. मग म्हणाले, "मले याद होतं."

मी म्हटलं, काय याद होतं?

"सुई टोचली ना, तवाच याद आली. म्हनलं सांगाव. मंग म्हनलं, कायले सांगाव? नाही जुळन तं नाही जुळन. कोनाची लाश आपल्या दारात येनार नाही."

"अन् मंग हे फोटो घेऊन कोनाले शोधून राहिले होते तुमी?"

ते भातात वरण कालवत बसले, कालवत बसले, घास काही उचलला नाही. मी तुला काय सांगू लीला, लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला मी रडताना बघितलं नव्हतं. त्या चार लेकरांच्या वेळीसुद्धा नाही. त्या वेळी ते कुदळ घेऊन जात आणि हात धुऊन परत येत. आता ताटात रडत होते.

तुम्ही दोघं बहीणभाऊ एकाच मातीचे. त्यांनी जुळणार नाही म्हणून रक्त दिलं, तू जुळेल म्हणून देत नाहीस. दोघांनी मिळून त्याला जिवंत ठेवलंय. आणि तो तिथे लोखंडी कपाटात, थंडीत, नंबर लावून. त्याला थंडी सोसत नव्हती. डिसेंबरात अंगणवाडीत यायचा तेव्हा माझ्याच लुगड्याच्या पदरात शिरून बसायचा, बाकीची पोरं हसायची.

गंमत बघ. तुझं त्याच्यात अर्धं रक्त. तुझ्या दादांचंही थोडं आहे, मॅडमच म्हणाल्या. माझा एक थेंब नाही. आणि त्याला घरी आणा म्हणून ओरडणारी मी एकटी. मला लोक म्हणतील, परकी ती परकीच, मेला म्हणून मोकळी व्हायला निघाली. म्हणू देत. परकी कशी असते ते मला आता कळून चुकलंय. तिच्याकडे वाट बघायची चैन नसते.

त्याला ठाऊक होतं, हे तुला सांगायचं राहिलं. मांडवात तू बोललीस ते त्याने ऐकलं होतं. मला एक शब्द विचारला नाही. रायपूरला निघाला तेव्हा मोटरसायकलवर बसता बसता म्हणाला, "माय, आत्याबाईसंग बोलत जा वं. तिचं मन लहान करू नोको." मी म्हटलं, "तुले कायची फिकर?" तर हसला. तुझ्यासारखाच हसायचा, खालचा ओठ दाबून. ते मी आयुष्यभर बघत आले आणि कधी बोलले नाही.

तुझे दादा आता बोलणार नाहीत, आडवेही येणार नाहीत. राहिलीस तू.

वच्छला


रायपूर,
३० मार्च

लीला,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. खुशबू सोबत आहे. तिला गाडीत सांगितलं. आमगाव मागे पडलं तेव्हा सुरू केलं आणि डोंगरगड येईपर्यंत संपवलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे आई, पेढे वाटले त्या दिवशी तुमाले ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. तिने बांगड्या काढल्या नाहीत, रडली नाही, रायपूर येईपर्यंत माझ्याशी बोललीही नाही. स्टेशनावर मात्र माझी पिशवी तिनेच उचलली.

रीता मॅडम म्हणाल्या की आत जाता येणार नाही, बघण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, बघायचं नाही, दारापाशी उभी राहते. त्यांनी नेलं. निळा दरवाजा आहे, खालून गार वारा येतो. मी तिथे चप्पल काढून बसले. दोघांपैकी एक चार नंबर, एक सहा नंबर. कोणता असेल, असा मनात कौल लावत होते. दोघांसाठीही पंचशील म्हटलं. दुसरा कोणाचा असेल, त्याचीही माय कुठेतरी फोन लावत बसली असेल.

मॅडमनी त्यांच्या साहेबांशी बोलून पाच एप्रिलपर्यंत थांबवलंय. त्यापुढे त्यांच्याही हातात नाही. शनिवार आहे तो.

आता काय लिहू? समजावून झालं, भांडून झालं. लीला, मी तुझ्यापुढे पदर पसरते. त्या दिवशी पदर तुझा होता, धान माझं होतं. तुला काय हवं ते माग. मांडवात म्हणालीस ना माझ्या पोटचा आहे, मग म्हण. सगळ्या गावापुढे म्हण, केशोरीच्या चौकात म्हण, मी तुझ्या बाजूला उभी राहून हो म्हणते. तुझ्या दादांनी तोंड उघडलं तर मी बघून घेते. आधारावर, कागदावर, जिथे जिथे माझं नाव आहे तिथे तुझं घाल. मला काही नको.

तुझ्या गुलशनचा नंबर माझ्याकडे आहे. अगदीच अडलं तर भावाचं रक्तही चालतं, मॅडम म्हणाल्या. काल लावला, त्याने "हॅलो मामी" म्हटलं आणि मी ठेवून दिला. त्या पोरांना काही ठाऊक नाही आणि तुला ओलांडून मी ते सांगणार नाही. एवढी धमकी तुला द्यावी असं मनात होतं. माझ्याने होत नाही.

गावात चौदा एप्रिलची तयारी सुरू आहे. दर वर्षी मिरवणुकीचा निळा झेंडा तोच धरायचा, यंदा पोरं विचारायला आली की काकू, झेंडा कोणाकडे देऊ. मी म्हटलं, थांबा. काय म्हणून थांबा म्हटलं, मलाच माहीत नाही.

तुला भीती वाटते ते मला कळतं. मला कळत नाही असं समजू नकोस. तू एकदा त्याला जिवंत देऊन मोकळ्या हाताने सासरी गेलीस. गोरेगावच्या बस स्टँडवर तुझं लुगडं पुढून ओलं झालेलं मी बघितलं होतं, आणि तू मागे वळून बघितलं नाहीस. आता कोणी सांगतं की घे, तुझाच आहे, तर हा असा. कोणती माय हात पुढे करेल? मी तुझ्या जागी असते तर मीही दार लावून बसले असते.

पण मी तुझ्या जागी नाही, लीला. मी माझ्या जागी आहे. मला तो घरी हवा. जसा असेल तसा हवा. त्याच्या नावाने पाणी सोडायचं की त्याला जेवायला वाढायचं, हे मला रोज सकाळी ठरवावं लागतं आणि माझ्याने ते आता होत नाही. गाढवी नदीच्या काठावर आपली माणसं आहेत, सासूबाई आहेत, माझी ती चार आहेत. त्यांच्यात मला त्याला ठेवू दे.

हात जोडते. दे.

वच्छला


केशोरी,
९ एप्रिल

लीला,

आता रीता मॅडमचा फोन आला. खुशबूने स्पीकरवर ठेवला होता, तुझे दादाही ऐकत होते.

तू गेलीस. तीन तारखेला, एकटी, जावयांनाही न सांगता. मॅडमना गोंदियाच्या पोलिसांनी सांगितलं की मुर्रीची एक बाई सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसली होती आणि बोट टोचल्यावर तिने कापूस घेतला नाही, रक्त तसंच वाहू दिलं. मॅडमनी घाईने करून घेतलं, बाईने शब्द पाळला.

सहा नंबर. संघदीप.

खुशबूने फोन खाली ठेवला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ओरडली. इतक्या दिवसांचं सगळं ओरडली. तुझे दादा उठून बाहेर गेले, बांधावर बसलेत. पतिराम त्यांच्याजवळ आहे. मी चूल पेटवली, कारण लोक येतील आता, चहा लागेल. माझ्या डोळ्यात पाणी नाही. येईल, कुठे जातंय.

तुझी मी काय म्हणून आभारी आहे ते लिहीत नाही. लिहिता येत नाही. तू काय केलंस ते आळीतल्या बायकांना कळणार नाही, मला कळतं.

आता कामाचं. मॅडम म्हणाल्या की ताबा रक्ताच्या माणसाला मिळतो. कागदावर सही तुझी लागेल, "माता" म्हणून. खुशबूचं लग्नाचं सर्टिफिकेट अजून निघालेलं नाही, तिच्या सहीवर देणार नाहीत. माझं आधार, शाळेचा दाखला, सगळं दाखवू म्हटलं. त्या म्हणाल्या, "अम्मा, रिपोर्ट में आप उसकी कुछ नहीं लगतीं." त्यांच्या आवाजात फार वाईट वाटत होतं, मीच त्यांना म्हटलं की मॅडम, असू द्या.

परवा सकाळच्या गाडीने मी, खुशबू नि भैयाजी गोंदियाला येतो. तू स्टेशनावर ये. नवी चप्पल घालून ये, तिथे फार चालावं लागतं. पुढे मिळून रायपूरला जाऊ. तिथे तू पुढे हो. नाव विचारतील, नातं विचारतील, घाबरू नकोस, आई सांग आणि सही कर. मी तुझ्या मागे उभी राहीन. ते लोक विचारतील, ही बाई कोण, हिला आत का सोडायचं.

मामी सांग.

पण त्याची गाडी केशोरीला आण.

वच्छला